आपल्या मापाची ब्रा कशी शोधावी

पंधरा वर्षं मी ३६ बी मापाची ब्रा घातली. एका दुकानात काउंटरपलीकडच्या बाईंनी अंगावरून नजर फिरवली, "छत्तीस बी लागेल" म्हणाल्या, आणि पुढे दर वेळी मी तेच मागत राहिले. कप तसे बरे बसायचे. पण संध्याकाळपर्यंत दोन्ही खांद्यांवर लाल वळ उठायचे, मागचा भाग पाठीवर वर चढलेला असायचा, आणि घसरलेला पट्टा खांद्यावर आणायला दिवसातून दहा वेळा हात जायचा. उपाय म्हणून मी पट्टे आणखी आवळायचे. वळ आणखी खोल जायचे.

मग एका रविवारी भाचीला पहिली ब्रा घ्यायची होती, म्हणून शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी काढली. तिचं माप घेऊन झालं. ती सहज म्हणाली, "मावशी, आता तुझं घेऊ?" तिने माझ्या छातीखालून पट्टी फिरवली आणि आकडा वाचला, एकतीस. मला वाटलं, ती चुकली. पुन्हा घ्यायला लावलं. पुन्हा एकतीस.

मी पंधरा वर्षं जवळजवळ पाच इंच सैल पट्टा अंगाभोवती गुंडाळत होते आणि दुखणाऱ्या खांद्यांचा दोष स्वतःच्या बांध्याला देत होते. पहिल्यांदा ब्रा घेणाऱ्या मुलींसाठी, आणि माझ्यासारख्या वर्षानुवर्षं एकच माप मागणाऱ्या बायकांसाठी, त्या दिवसापासून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. लागणारं साहित्य एवढंच: शिवणकामाची मऊ मोजपट्टी, आरसा आणि अर्धा तास निवांतपणा.

आधी भार कोण पेलतं ते समजून घ्या

स्तनात स्वतःचा स्नायू नसतो. आत चरबी, दूधग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतूंचे नाजूक बंध असतात. ॲस्टली कूपर या ब्रिटिश शल्यविशारदाने १८४० मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्यांना आजही कूपरचे बंध म्हणतात. चालताना, धावताना, जिना उतरताना जो हिसका बसतो, तो सोसायला आत एवढंच आहे. बाकीचा आधार बाहेरून द्यावा लागतो.

हा आधार खांद्यांनी द्यायचा असतो, असा आपला समज असतो. पट्टे तिथे दिसतात, वळ तिथे उठतात, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. खरं काम मात्र छातीखालून पाठीमागे जाणाऱ्या आडव्या पट्ट्याचं असतं. त्याला आपण बँड म्हणू, म्हणजे खांद्यावरच्या पट्ट्यांशी गल्लत होणार नाही. बँड बरगड्यांना घट्ट धरून बसतो आणि त्याच्यावर कप उभे राहतात. खांद्यावरच्या पट्ट्यांनी फक्त कपाची वरची कड अंगाला लागून ठेवायची असते.

बँड सैल असला की तो बरगड्यांना धरत नाही, आणि सगळं वजन खांद्यांवर येतं. पट्टे पुढून खाली ओढले जातात, त्या ओढीने मागून बँड वर सरकतो. मागून वर गेला की पुढून कप खाली येतात. मग आपण पट्टे आवळतो आणि बँड मागून आणखी वर जातो. मी पंधरा वर्षं याच चक्रात फिरत होते.

आत्ता जी ब्रा अंगात आहे तिच्यावरच एक चाचणी करून बघा. दोन्ही पट्टे खांद्यावरून खाली उतरवा आणि खोलीत चार पावलं चाला. बँड बरोबर असेल तर कप थोडे सैलावतील, पण ब्रा जागेवर राहील. सगळीच्या सगळी घसरून पोटाकडे निघाली, तर तुमचा भार आजवर खांदेच वाहत होते.

अंक आणि अक्षर

मापात दोन गोष्टी असतात, अंक आणि अक्षर. ३४ सी यातला ३४ हा बँडचा अंक. सी हे अक्षर छातीचा सर्वांत भरलेला घेर आणि बँड यांच्यातला फरक सांगतं. एक इंच फरक म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी, चार म्हणजे डी. कपांना अक्षरं द्यायची ही पद्धत १९३० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली.

यातून निघणारी एक गोष्ट नीट समजली की निम्मा गोंधळ संपतो: अक्षराला एकट्याने काही अर्थ नाही. "डी कप म्हणजे खूप मोठी छाती" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं आहे आणि ते चूक आहे. ३० डी आणि ३८ डी यांचे कप शेजारी ठेवून बघा. पहिला कप दुसऱ्याच्या तुलनेत अगदी छोटा दिसेल. दोन्हीकडे फरक चारच इंचांचा आहे, पण एक लहान घेरावरचा आणि एक मोठ्या घेरावरचा. सडपातळ बाईला डी किंवा डबल डी (डीच्या पुढची पायरी) लागणं अगदी सामान्य आहे. त्या अक्षराला घाबरून तिने बी घेतला, तर कपात मावण्यासाठी तिला बँड वाढवावा लागतो, आणि पुढचं सगळं तिथूनच बिघडतं.

याच नात्यामुळे काही मापांचे कप आकारमानाने सारखे असतात. बँड एक पायरी कमी केला आणि अक्षर एक पायरी वाढवलं, की कपात मावणारं तेवढंच राहतं. ३६ बी, ३४ सी आणि ३२ डी या तिन्हींचे कप साधारण सारखे. इंग्रजीतल्या नावावरून यांना सिस्टर साइझ म्हणतात. आपण बहीण मापं म्हणू.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. माझं माप निघालं ३२ डी. मी घालत होते त्या ३६ बीचा कप आकारमानाने जवळजवळ तेवढाच, म्हणूनच "कप तर बरे बसतात" असं मला वाटायचं आणि मापावर कधी संशय आला नाही. सैल होता तो फक्त बँड. कप बरोबर आणि तरीही खांदे दुखतात, असं कोणी म्हणालं की मी आता आधी तिच्या पाठीकडे बघते.

पहिलं माप: छातीखालचा घेर

ब्रा काढून, किंवा अस्तर नसलेली पातळ ब्रा घालून, आरशासमोर उभ्या राहा. पॅडेड ब्रावरून माप घेऊ नका, पॅडची जाडीही त्यात मोजली जाते. मोजपट्टी स्तनांच्या अगदी खाली, जिथे स्तन बरगडीला मिळतो त्या घडीत, अंगाभोवती फिरवा. ती सगळीकडून जमिनीला समांतर हवी. पाठीमागे ती खाली उतरते आणि कळत नाही, म्हणून बाजूला वळून आरशात बघा किंवा कोणाला तरी धरायला सांगा. श्वास सोडा. पट्टी अंगाला घट्ट लागू द्या, पण कातडीत रुतेल इतकी नको. आकडा लिहून ठेवा.

बँड बहुतेक सम अंकांत मिळतात: २८, ३०, ३२, ३४ आणि पुढे. तुमचा आकडा सम आला तर तोच सुरुवातीचा बँड. विषम आला तर खालचा आणि वरचा, दोन्ही घालून बघायचे. बरगड्यांवर मांस कमी असेल तर वरचा सुखाचा वाटतो. अंग मऊ असेल तर खालचाही छान बसतो. माझ्या ३१ ला ३२ बरा वाटला. ३० ची काही तासांनी काचणी सुरू व्हायची.

दुसरं माप: भरलेला घेर

हे माप उभं राहून घेतात, तसंच कमरेतून पुढे वाकूनही घ्यावं. उभ्याने घेताना पट्टी छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, साधारण स्तनाग्रांच्या रेषेत, सैलसर फिरवा. स्तन दाबू नका. मग कमरेत काटकोनात वाका, स्तन खाली लोंबू द्या, आणि त्याच रेषेतून पुन्हा मोजा. वय, बाळंतपण किंवा वजनातल्या चढउताराने स्तन ओघळलेले असतील तर उभ्याने घेतलेलं माप हमखास कमी येतं, कारण खालचा भाग अंगाला चिकटलेला असतो. वाकल्यावर सगळा स्तन मोजला जातो. दोन आकड्यांची सरासरी काढा.

आता वजाबाकी. माझा भरलेला घेर उभ्याने साडेपस्तीस आणि वाकून साडेछत्तीस आला, सरासरी ३६. बँड ३२. फरक चार, म्हणून डी.

जुन्या पद्धतीत काय होतं तेही सांगते, कारण अजून अनेक ठिकाणी तीच वापरतात. तिच्यात छातीखालच्या घेरात चार किंवा पाच इंच मिळवून बँड ठरवतात. माझ्या ३१ मध्ये पाच मिळवले की ३६. भरलेला घेरही ३६, म्हणजे फरक शून्य. अंग तेच, पट्टी तीच, आणि एका पद्धतीने ३२ डी तर दुसरीने ए कपाहूनही लहान. हे मिळवणं कमी ताणाच्या कापडाच्या काळापासून चालत आलं आहे. आजचा इलॅस्टिक बँड ताणून अंगावर बसण्यासाठीच बनवलेला असतो. त्यात इंच मिळवले की ढिलाईच मिळते.

इथे एक सावधगिरी बाळगा. काही कंपन्या आजही आपले तक्ते त्या जुन्या हिशोबाने छापतात आणि बँडही त्याला धरून शिवतात. त्यांचा ३४ चा बँड २९-३० इंचांच्या घेरासाठी बनलेला असू शकतो. म्हणून प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा वाचा, छातीखालचा घेर कोणत्या रकान्यात येतो ते बघा, आणि आपण काढलेल्या मापाला केवळ पहिला अंदाज समजा. निर्णय अंगावर घातल्यावरच होतो.

घालून बघताना

ट्रायल रूममध्ये तीन मापं न्या: काढलेलं माप आणि त्याची दोन्हीकडची बहीण मापं. ३२ डी असेल तर ३० डबल डी आणि ३४ सी सोबत ठेवा. घरी मागवत असाल तर बदलून देणाऱ्या ठिकाणाहूनच मागवा, आणि खात्री होईपर्यंत टॅग काढू नका.

सगळ्यात आधी एकट्या बँडची परीक्षा घ्या. ब्रा उलटी फिरवून घाला, कप पाठीवर आणि हूक पुढे. पट्टे खांद्यावर घेऊ नका. आता कपांचा संबंधच नाही, फक्त बँड किती घट्ट आहे ते कळतं. ही युक्ती मला फार मोलाची वाटते. सरळ घातल्यावर बँड घट्ट वाटतो तेव्हा पुष्कळदा दोष लहान कपाचा असतो. स्तन कपात मावत नाहीत, ते कपाला पुढे ढकलतात, आणि त्या ओढीने बँड बरगडीत रुततो. अशा वेळी आपण मोठा बँड घेतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं. उलटी घातल्यावर बँड सुखाचा वाटला आणि सरळ घातल्यावर काचला, तर बँड तोच ठेवा आणि अक्षर वाढवा.

आता सरळ घाला. हूक अडकवायच्या दोन-तीन ओळी असतात. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सर्वांत सैल ओळीवर नीट बसली पाहिजे. वापरून इलॅस्टिक सैलावत जातं, तेव्हा आतल्या ओळी उपयोगी पडतात. नवी असतानाच आतल्या ओळीवर लावावी लागली, तर काही महिन्यांनी लावायला ओळच उरणार नाही.

हूक लागले की थोडं पुढे वाका. उजवा हात डाव्या कपात घाला, काखेकडचा मऊ भाग तळहाताने गोळा करून पुढे आणा आणि कपात बसवा. दुसऱ्या बाजूलाही तसंच करा. मग उभ्या राहा आणि आरशात बघा. पहिल्यांदा हे केल्यावर दचकायला होतं. काखेखाली जी चरबी वाटत होती, तिच्यातला बराच भाग स्तनाचा असतो. लहान कपाने वर्षानुवर्षं तो बाजूला लोटलेला असतो. इतका वेळ व्यवस्थित वाटणारा कप आता वरून फुटू लागला, तर अक्षर वाढवा. माझ्या भाचीच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, ही एकच गोष्ट करून बघायला सांगितली आणि तिचं माप दोन अक्षरांनी पुढे गेलं.

पाठ बघा. बँड मागे आणि पुढे एकाच पातळीवर, जमिनीला समांतर हवा. मागे कमानीसारखा वर गेला असेल तर तो सैल आहे. त्याखाली दोन बोटं सपाट सरकावीत. अख्खी मूठ जात असेल तर सैल, बोटाचं टोकही शिरत नसेल तर घट्ट. बँडच्या वर-खाली थोडं मांस उचललेलं दिसलं म्हणून घाबरू नका. मऊ अंगावर कुठलंही घट्ट इलॅस्टिक बसलं की तसं होतंच. त्या वळीसाठी बँड सैल करू नका. रुंद, तीन हुकांचा बँड घेतला तर ती कमी दिसते.

पुढून बघा. वायर, म्हणजे कपाखाली शिवलेली अर्धगोल तार, असलेल्या ब्रात दोन कपांच्या मधली पट्टी छातीच्या हाडाला सपाट टेकली पाहिजे. ती उचललेली असेल आणि तिच्यामागे फट दिसत असेल, तर कप लहान आहे. स्तन एकमेकांच्या अगदी जवळ असतील तर उंच मधली पट्टी टेकायला जागाच नसते. त्यांनी ती आखूड असलेली, खोल गळ्याची ब्रा बघावी.

वायर स्तनाखालच्या घडीत, स्तनाच्या मुळाला धरून फिरली पाहिजे, आणि तिचं टोक काखेच्या मध्याकडे जायला हवं. टोक कुठे बसलंय ते डोळ्यांनी कळत नसेल तर बोटाने दाबून बघा. खाली बरगडीचं हाड लागलं तर ठीक. मऊ लागलं, तर वायर स्तनावरच बसली आहे आणि दिवसभरात ती टोचणार.

मग कपाची कड. वर अंगासरशी पातळ टी-शर्ट घाला आणि बाजूने बघा. कपाच्या कडेपाशी स्तन दुभागलेला दिसत असेल, एकाचे दोन उंचवटे होत असतील, तर कप लहान. कप वरून सुरकुतत असेल किंवा पोकळी राहत असेल तर कप मोठा असू शकतो, पण घाईने तसं ठरवू नका. काखेकडचा भाग गोळा करायचा राहिला असेल तर आधी तो करा. शिवाय साच्यातला टणक कप लहान पडला की तो स्तनावर वरवर तरंगतो आणि वरून उघडा पडतो, तेव्हाही पोकळीच दिसते. मधली पट्टी उचललेली आणि वर पोकळी असेल तर मोठा कप घालून बघा, लहान नाही.

खांद्यावरचे पट्टे सगळ्यात शेवटी लावा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. दोन्ही पट्टे सारखेच हवेत असं नाही. बहुतेक बायकांचे दोन स्तन थोडे लहान-मोठे असतात. माप मोठ्या बाजूला धरून घ्या आणि लहान बाजूचा पट्टा थोडा आखूड करा. काढता येणारे पॅड असतील तर मोठ्या बाजूचा पॅड काढून टाका.

शेवटी हला. दोन्ही हात वर करा, खाली वाकून बुटाची नाडी बांधल्यासारखं करा, खुर्चीत बसा, खोल श्वास घ्या. हात वर केल्यावर वायर स्तनावर चढली, किंवा वाकल्यावर कपातून काही बाहेर आलं, तर ती ब्रा दुकानातच राहू द्या. "वापरून सैल होईल" असं कोणी म्हणालं तरी घेऊ नका. बँड सैलावतो, कप वाढत नाही.

काही बिघडलं तर काय बदलायचं

बँड वर चढतोय पण कप ठीक आहेत: बँड एक पायरी खाली, अक्षर एक पायरी वर. ३६ सी असेल तर ३४ डी. बँड काचतोय पण कप ठीक आहेत: उलट करा, ३४ डीवरून ३६ सी. बँड उत्तम आणि फक्त कपाची तक्रार असेल तर अंकाला हात लावू नका, अक्षर तेवढं बदला. बहीण मापांतही एका पायरीपलीकडे शक्यतो जाऊ नका. कप सारखा राहिला तरी पट्ट्यांमधलं अंतर आणि बँडची लांबी बदलत जाते.

सगळं बरोबर असूनही पट्टे घसरत असतील तर तुमचे खांदे उतरते किंवा अरुंद असू शकतात. मागे पट्टे जवळ येणारी, इंग्रजी वाय आकाराच्या पाठीची ब्रा त्यावर चांगला उपाय आहे.

माप बरोबर, तरी बसत नाही

मग घडण बघायची. एकाच मापाच्या दोन बायकांचे स्तन अगदी वेगळे असू शकतात. एकीचे छातीवर पसरट, रुंद मुळाचे. दुसरीचे अरुंद मुळाचे आणि पुढे आलेले. काहींचा भार वरच्या अर्ध्यात असतो, पुष्कळांचा खालच्या. पसरट स्तनांना खोल कप दिला तर टोकाला पोकळी राहते. पुढे आलेल्या स्तनांना साच्यातला उथळ कप दिला तर तळाशी वायर खाली सरकते. पुढे आलेल्या आणि ओघळत्या स्तनांना शिवण असलेला कप चांगला धरतो. दोन-तीन तुकडे जोडून शिवलेल्या कपाला खरी खोली येते. टी-शर्ट ब्रा म्हणून मिळणारे गुळगुळीत साचेबंद कप बाहेरून छान दिसतात, पण त्यांचा आकार ठरलेला असतो. स्तनाने त्यात बसायचं असतं. खालून भरलेल्या स्तनांवर पूर्ण कपाच्या वरच्या भागात कापड रिकामं राहतं, तिथे वरून कमी झाकणारा बाल्कोनेट बरा.

वायर हवीच असं अजिबात नाही. लहान आणि मध्यम मापात वायरशिवायची चांगली शिवलेली ब्रा पुरेसा आधार देते. मोठ्या मापातही रुंद बँडच्या, आतून झोळीसारखा कप असलेल्या वायरविना ब्रा मिळतात. माप मात्र तितक्याच काळजीने घ्यायला हवं.

व्यायामासाठी वेगळी ब्रा घ्या, एवढा आग्रह मी धरेन. १९७७ मध्ये अमेरिकेत लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी पुरुष खेळाडूंचे दोन जॉकस्ट्रॅप (जांघेला आधार देणारी लंगोटीसारखी अंतर्वस्त्रं) एकत्र शिवून आधुनिक स्पोर्ट्स ब्राचा पहिला नमुना बनवला, कारण धावताना नेहमीची ब्रा पुरत नव्हती. आज तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक सगळं छातीशी दाबून धरणारी, डोक्यावरून घालायची. ती लहान मापाला आणि हलक्या व्यायामाला चालते. दुसरी प्रत्येक स्तनाला स्वतंत्र कपात धरणारी. मोठ्या मापाला आणि धावण्याला हीच घ्या. ट्रायल रूममध्ये जागच्या जागी उड्या मारून बघा, संकोच करू नका.

लेबलवरचे वेगवेगळे आकडे

बाहेरच्या कंपन्यांची लेबलं बघून गोंधळू नका. ब्रिटिश-अमेरिकी ३२, ३४, ३६ म्हणजे युरोपातले ७०, ७५, ८० आणि फ्रान्समधले ८५, ९०, ९५. अक्षरं डीपर्यंत सगळीकडे साधारण जुळतात, पुढे फाटे फुटतात. ब्रिटिश क्रम डी, डबल डी, ई, एफ, डबल एफ असा जातो; अमेरिकी डी, डबल डी, ट्रिपल डी असा, आणि ट्रिपल डीलाच एफ म्हणतात. म्हणजे ब्रिटिश एफ अमेरिकी एफपेक्षा एका पायरीने मोठा.

माप बदलत राहतं

पाळीच्या आधी स्तन जड होतात, काहींना पूर्ण एक अक्षर मोठा कप लागतो. माप पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात घ्या, आणि त्या जड दिवसांसाठी एखादी ताणणाऱ्या कपाची ब्रा ठेवा.

वयात येणाऱ्या मुलींचं माप काही महिन्यांतच पुढे जातं, म्हणून एकदम सहा ब्रा घेऊ नका. सुरुवातीला मऊ सुती कापडाची, वायर नसलेली ब्रा चांगली. दुखरेपणा असतो, तेव्हा पॅडची किंवा वायरची घाई नको. आणि माप घेताना मुलीला विचारून घ्या; तिला स्वतःला घ्यायचं असेल तर पट्टी तिच्या हातात द्या आणि दाराबाहेर थांबा.

गरोदरपणात कप तर वाढतोच, बरगड्यांचा घेरही वाढतो. हुकांना जोडायची वेगळी पट्टी मिळते, ती तेवढ्यापुरती उपयोगी पडते. दूध पाजण्याची ब्रा शेवटच्या महिन्यात, कपात थोडी जागा ठेवून घ्या. दूध आल्यावर स्तन आणखी भरतात, आणि त्या दिवसांत घट्ट वायर किंवा आवळ कप दूधवाहिनीवर दाब देऊन गाठ आणू शकतो. बाळाचं अंगावरचं दूध सुटलं की पुन्हा मोजा. स्तनाची शस्त्रक्रिया झाली असेल तर जखम भरेपर्यंत काय घालायचं ते डॉक्टरांना विचारा. नंतर कृत्रिम स्तनासाठी आत खिसा शिवलेल्या ब्रा मिळतात, त्यांनी दोन्ही बाजूंचा तोल राहतो.

वायरच्या ब्राने कर्करोग होतो, ही भीती मनातून काढून टाका. २०१४ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी दीड हजारांच्या आसपास बायकांच्या सवयी तपासल्या. ब्रा किती तास घातली, वायरची घातली की नाही, कशाचाच संबंध सापडला नाही. मात्र ब्रा घालता-काढताना गाठ लागली, कातडी खळी पडल्यासारखी ओढलेली दिसली, स्तनाग्र अचानक आत गेलं, त्यातून स्राव आला, किंवा एकाच बाजूचं माप एकाएकी बदललं, तर डॉक्टरांकडे जा. अशा वेळी मापाची चर्चा करत बसू नका.

टिकवायची कशी

लागोपाठ दोन दिवस एकच ब्रा घालू नका, इलॅस्टिकला परत आखडायला वेळ लागतो. गार किंवा कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. मशीनमध्ये टाकायचीच असेल तर हूक लावून जाळीच्या पिशवीत टाका. वाळत घालताना खांद्याच्या पट्ट्यांवर टांगू नका, ओल्या कपड्याच्या वजनाने ते लांबतात. मधल्या पट्टीवरून दोरीवर टाका, सावलीत. साचेबंद कप एकात एक उलटे घालून ठेवू नका, एकामागे एक उभे ठेवा.

सर्वांत आतल्या ओळीवर हूक लावूनही बँड वर चढायला लागला की ती ब्रा संपली, कप कितीही नवे दिसोत. मी प्रत्येक नवी ब्रा घेतली की तिच्या लेबलवर बारीक पेनाने महिना आणि वर्ष लिहून ठेवते. मोजपट्टीही आता शिवणाच्या डब्यात नसते, ती कपाटात ब्रांच्याच खणात असते. भाची सुट्टीत आली की आधी तो खण उघडते, पट्टी काढते आणि विचारते, "मावशी, आधी तुझं की माझं?"